स्केट्स घातले की पोरीचा घोटा आत पडतो आणि दहा मिनिटांत पाय दुखतो, आधी काय तपासायचं

ज्यांच्या पोरांनी उन्हाळ्याच्या शिबिरात स्केटिंग धरलं आणि आता आर्टिस्टिकचा क्लास लावायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहायलोय. आमच्या बेळगावात बहुतेक पोरं स्पीडला नाहीतर इनलाइनला (एका ओळीत चाकं असतात ते) जातात, आर्टिस्टिक म्हणजे चार चाकांच्या बुटावर वर्तुळं, गिरक्या, एका पायावर तोल, थोडक्यात बर्फावरच्या फिगर स्केटिंगचंच जमिनीवरचं भावंड, तिकडं वळणारी पोरं कमी. त्यामुळं सामान काय घ्यायचं हे विचारायला शेजारीपाजारी माणूस मिळत नाही आणि चूक झाली तर ती कळायलाच दोन-तीन महिने जातात. आमचे गेले.

प्रॉब्लेम असा. पोरगी सात वर्षांची. एप्रिल-मेच्या शिबिरात प्लॅस्टिकच्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या स्केट्सवर मस्त पळत होती, पडायची, उठायची, हसायची. जूनला शाळा सुरू झाली तसे चांगले कातडी बूट असलेले क्वाड, म्हणजे पुढं दोन मागं दोन चाकांचे स्केट्स, घेतले, आर्टिस्टिकच्या क्लासला घातलं, आणि तिथून रड सुरू. दहा मिनिटं झाली की कठड्याला जाऊन बसायची, "पप्पा मुंग्या आल्या", "पप्पा पाय झोपला". मागनं बघितलं तर दोन्ही घोटे आतल्या बाजूला कललेले, आतली चाकं दाबली गेलेली आणि बाहेरची जवळजवळ हवेत. मॅडम सांगतात एका पायावर उभी राहा, ही दोन पायांवर नीट उभी नाही. बूट काढले की पाच मिनिटांत ठीक, घातले की परत तेच. असं प्रत्येक क्लासला. मधे एखादा दिवस बरा जायचा त्यामुळं वाटायचं सुटला प्रॉब्लेम, पुढच्या खेपेला परत सुरू.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. त्यामुळं माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असंल सांगा. बेअरिंग. प्रत्येक चाकात दोन, एका स्केटला चार चाकं, म्हणजे जोडीत सोळा. आमच्या स्केटला ६०८ नंबरचं बेअरिंग आहे, आतलं भोक ८ मिमी, बाहेरनं २२, रुंदी ७, हे बेअरिंग आमच्याकडं कुठल्याही बेअरिंगवाल्याकडं मिळतं, स्केटच्या दुकानातच पाहिजे असं काही नाही. फक्त काही क्वाडचा एक्सल ७ मिमीचा असतो, त्याला ६२७ लागतं, बाहेरनं दोन्ही सारखीच दिसतात म्हणून घ्यायच्या आधी एक काढून खिशात घालून न्या. तर मी रविवारी बसून सोळाच्या सोळा बदलली. चाकं अशी फिरायला लागली की थांबायचं नाव नाही. परिणाम काय, घोटा तसाच पडलेला आणि पोरगी आता आधीपेक्षा जोरात पडायला लागली. बायको म्हणाली, ती उभी राहत नाही आणि तुम्ही गाडी पळवायची सोय करून ठेवलीसा.

एक गोष्ट मात्र तेव्हा समजली ती सांगून ठेवतो. बेअरिंगवर एबेक ५, ७, ९ असं लिहिलेलं असतं आणि दुकानात जेवढा आकडा मोठा तेवढं भारी म्हणून विकतात. तो आकडा मापाच्या अचूकपणाचा आहे, किती तंतोतंत बनवलंय त्याचा. चालण्याच्या स्पीडनं जाणाऱ्या पोराला त्यात काही फरक पडत नाही. त्यापेक्षा चाकाचा नट बघा. आमच्याकडं एका चाकाचा नट इतका आवळलेला की बेअरिंग दबून बसलेलं. नट पूर्ण आवळायचा, मग चाक मोकळं फिरंल आणि हातानं हलवलं तर किंचित, अगदी नखाएवढा खेळ जाणवंल इतका मागं घ्यायचा. दहा मिनिटांचं काम.

मग चाकांवर संशय. मग आई म्हणाली पोरीचे तळवे सपाट आहेत, आमच्या घराण्यातच आहे. म्हणून तिचे पाय ओले करून मागच्या दारच्या शहाबादी फरशीवर उभं केलं. फरशीवर ठसा उमटतो, मधे कमान असली तर आतल्या बाजूला रिकामी जागा दिसते. तिचा ठसा बऱ्यापैकी भरलेला आला आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. नंतर हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले लहान पोरांत हे अगदी कॉमन, चवड्यावर उभी केली की कमान दिसायलीय ना, दुखत नाही ना, मग काही करायचं नाही. म्हणजे तेही नव्हे.

शेवटी मॅडमनी एक दिवस मला बोलवून घेतलं आणि म्हणाल्या, बूट काढा तिचे. काढले. सॉक्स किती घातलेत? दोन जोड. एक शाळेचा आणि त्यावर जाडा टॉवेलचा. का? बूट ढिला होतो म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बुटातला आतला सोल ओढून बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि पोरीला अनवाणी त्याच्यावर उभी केलं. टाच मागं टेकवली. पुढं अंगठ्यासमोर माझी दोन बोटं आडवी मावली.

झालं, तिथं सगळं समजलं. बूट वाढत्या अंगाचे घेतले होते.

आपल्यात हे रक्तातच आहे. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, रेनकोट वाढत्या अंगाचा, दिवाळीचा फ्रॉक वाढत्या अंगाचा, एवढे पैसे घालायचे तर दोन वर्षं तरी चाललं पाहिजे. त्यात नंबराचा घोळ. तिचा शाळेचा बूट १२ नंबरचा. पोरांच्या नंबरात १३ झाला की परत १ पासून सुरू होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. दुकानात आम्ही म्हणलं एक साइज मोठा द्या, दुकानदार म्हणाला स्केटचा बूट घट्ट येतो, २ न्या की बिनधास्त. २ म्हणजे केवढासा असं वाटून आम्ही घेतला. १२ नंतर १३, मग १, मग २, म्हणजे तीन नंबर मोठा. चूक दुकानदाराची का माझी हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे, मी काही नाव घेणार नाही.

आता मोठ्या बुटानं घोटा का पडतो ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं. स्केटच्या बुटाचं काम टाच धरून ठेवायचं. टाच मागच्या खोबणीत घट्ट बसली तर घोट्याच्या दोन्ही बाजूचं कडक कातडं त्याला भिंतीसारखा आधार देतं. बूट मोठा असला की टाच आत हलते, वर उचलते, घोट्याचं हाड भिंतीच्या बरोबर जागेवर येत नाही, पाय आत कलंडतो. मग आईबाप काय करतात, जादा सॉक्स घालतात. मऊ सॉक्स दबतो, पाय अजूनच हलतो. मग वरनं लेस जीव खाऊन आवळतात. त्यानं टाच काही धरली जात नाही, पायाच्या वरच्या शिरा मात्र दाबल्या जातात, म्हणून मुंग्या. पोरगं बिचारं पाय झोपला म्हणतं आणि आपण म्हणतो नाटकं करायलंय. शिबिरातल्या प्लॅस्टिकच्या स्केट्सवर हे झालं नाही कारण ते तिच्या पायाच्या मापाला लावून घट्ट केले होते. बरा जाणारा एखादा दिवस म्हणजे, मागाहून कळलं, ज्या दिवशी तिची आत्या लेस बांधायची तो.

त्यामुळं तुमच्याकडं हीच तक्रार असली तर पाना-स्क्रूड्रायव्हर नंतर, आधी पुढचं करून बघा.

सोल काढून त्यावर उभं करा, जसं मॅडमनी केलं. अंगठ्याच्या पुढं अर्धा सेंटीमीटर, फार तर पोट्ट्याची वाढ म्हणून त्याच्या थोडं वर. एक सेंटीमीटरच्या पुढं गेलं की बूट मोठा. सोल निघत नसला तर सॉक्स घालून पाय बुटात घाला, लेस न बांधता पाय पूर्ण पुढं सरकवा आणि टाचेमागं तुमचं बोट घाला. एक बोट कसंबसं जातंय तर चालंल, दोन गेली तर नाही. मग लेस बांधून उभं करा, गुडघे वाकवायला सांगा. सरळ उभं असताना अंगठा पुढं टेकलाच तर जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवले की तो मागं यायला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही बूट जमिनीवर दाबून धरा आणि पोराला टाच वर उचलायला सांगा. टाच आतल्या आत उचलली गेली तर बाकी सगळं बरोबर असलं तरी तो बूट तिच्या पायाचा नव्हे.

नवीन घेताना मापं घरनं घेऊन जा. संध्याकाळी घ्या, दिवसभर हिंडून पाय थोडा फुगलेला असतो. कागद भिंतीला लावून ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची, दोन्ही पायांवर वजन देऊन उभं करायचं आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिल उभी धरून खूण. बसून घेतलेलं माप कमी येतं. दोन्ही पायांची घ्या, आमच्या पोरीचा डावा १९२ मिमी आणि उजवा १९४, मोठा धरायचा. मग दुकानात नंबर विचारूच नका, मिलिमीटर विचारा. भारतीय म्हणून जो छापतात तो बहुतेक यूकेचा नंबर असतो, युरोपी वेगळा, अमेरिकन वेगळा, आणि एका कंपनीचा ३१ दुसऱ्या कंपनीच्या ३१ ला जुळंल याची गॅरंटी नाही. बऱ्याच बुटांच्या बॉक्सवर नाहीतर सोलवर मिमीत लिहिलेलं असतं. आम्ही २०० वाला घेतला, उजव्या पायाला सहा मिमी जागा. रुंदी पण बघा, बोटं एकावर एक चढत असतील तर लांबी बरोबर असून उपयोग नाही.

जुना बूट घ्यायला काही हरकत नाही, उलट पोरांचे पाय इतक्या पटापट वाढतात की चांगले बूट वर्षभरात रिकामे होतात आणि क्लासमधल्याच कुणाकडं तरी मिळतात. फक्त घोट्याजवळ दोन्ही हातांनी दाबून बघा. तिथं मोडलेली आडवी घडी दिसली आणि कातडं कापडासारखं वाकायला लागलं तर त्या बुटाचा जीव गेला, फुकट मिळाला तरी नको. आणि उलटंही खरं, मोठ्या पोरीनं उड्या मारायला घेतलेला दगडासारखा कडक बूट वीस-बावीस किलोच्या पोराला घातला तर त्याला गुडघाच वाकवता येत नाही, ते काठीसारखं उभं राहतं आणि मागं पडतं. नवशिक्याला मधला पाहिजे, उभा राहणारा पण वाकणारा.

सॉक्स एकच. पातळ, बुटाच्या वर येणारा, शिवण बोटावर न येणारा. जाड सुती सॉक्स घाम धरून ठेवतो आणि फोड तिथंच येतो.

आता लेस. हे मी थोडं सविस्तर सांगतो कारण नवीन बूट आल्यावरही आमचा प्रॉब्लेम निम्माच सुटला होता, उरलेला निम्मा लेसमध्ये निघाला.

आधी बूट पूर्ण उघडायचा, वरची दोन-तीन हुकं सोडून उपयोग नाही, खालपर्यंत सैल करायचं. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे मागं बसते. जीभ मधोमध आहे का बघायची, ती एका बाजूला सरकली की त्या बाजूच्या हाडावर कडा रुततात. मग बोटांजवळ सैल, इतकी की आत बोटं हलली पाहिजेत. पायाच्या मधल्या चढावर, जिथं पाय वर वळतो तिथं, सगळ्यात घट्ट. टाच धरून ठेवणारी जागा तीच. आणि वर हुकांपाशी परत थोडं सैल, गुडघा वाकवता आला पाहिजे, मागच्या बाजूनं वरच्या काठात तुमची दोन बोटं गेली पाहिजेत. आम्ही बरोबर याच्या उलटं करत होतो, बोटांत घट्ट आणि वर फास लावल्यासारखं. चढ संपून हुकं सुरू होतात तिथं लेसची एक जादा पीळ घातली की खालचं घट्ट सुटत नाही. लेस लांब उरली म्हणून बुटाच्या नळीभोवती गुंडाळायची सवय असंल तर ती आजच सोडा, त्यानं पुढच्या आणि मागच्या शिरा दबतात आणि पोरं रात्री पोटऱ्या धरून रडतात. उरलेली लेस कापा, टोक मेणबत्तीवर जाळून बंद करा, नाहीतर गाठीत खोचा.

आणि एकदा बांधलं की झालं असं नाही. कातडं गरम होऊन पाय बसला की दहा मिनिटांनी लेस ढिली पडते. एकदा बाजूला बोलवून परत आवळायची. आमच्या पोरीचा ठरलेला दहा मिनिटांचा प्रॉब्लेम त्याच वेळेला येत होता ते उगीच नव्हे.

नवीन बूट आले की लगेच दीड तासाच्या क्लासला घालू नका. घरात चटईवर पंधरा मिनिटं घालून बसवा, उभं करा, गुडघे वाकवायला लावा, टीव्ही बघत असंल तर उत्तम. चार-पाच दिवस. चालू देऊ नका, आमच्याकडं फरशीवर सटकून कपाटाला धडकली.

एवढं करून पण आतल्या घोट्याच्या हाडावर लाल होत असंल तर बूट बदलू नका, तेवढीच जागा फुगवून घ्या. ओळखायचं कसं, तर हाडावर थोडं कुंकू लावायचं, पातळ सॉक्स न घालताच पाय बुटात घालून लेस बांधायची, दोन मिनिटांनी काढायची. आत कुंकवाचा ठिपका उमटतो, घासायची जागा तीच. ही आयडिया आमच्या आईची. आणि ते फुगवून द्यायला आपल्या भागात माणसांची काय कमी आहे, अथणी-निपाणीकडं पिढ्यान् पिढ्या कातड्याचं काम चालतं, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे पण आहेत. मी बूट घेऊन गेलो त्या काकांनी आयुष्यात स्केट बघितलेलं नव्हतं, चाकं फिरवून बघितली, हसले, ठिपका बघितला, "स्वल्प बिगि ऐत्रि, सरि माडतेनरि" (जरा घट्ट आहे, नीट करतो) म्हणाले आणि जागा ओलसर करून लाकडी फर्मा घालून रात्रभर ठेवला. सकाळी हाडाएवढा खळगा तयार. फक्त एक सांगायचं त्यांना, कातडं तासायचं नाही, नुसतं ताणायचं. आणि प्लॅस्टिकचा बूट असला तर हे जमत नाही.

बूट आणि लेस बरोबर झाल्यावर मग आता माझ्या आवडीचं, पाना हातात घेण्याचं काम. स्केट एका बाजूला ओढते, पोरगं सरळ जातच नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. सपाट टेबलावर स्केट ठेवून हळूच ढकला. पोर नसताना पण ओढत असंल तर मशीनचा दोष, नसंल तर पायाचा नाहीतर लेसचा. क्वाडच्या खाली पुढं एक आणि मागं एक असे दोन ट्रक, म्हणजे चाकांचा एक्सल धरणारे भाग, असतात, त्यात रबराचे गोल तुकडे बसवलेले असतात, मधनं बोल्ट. आर्टिस्टिकमध्ये वळायचं ते पाय कलवून, कलला की रबर दबतं आणि चाकं वळतात. बोल्ट फार आवळला तर स्केट वळतच नाही, फार सैल केला तर नवशिक्या पोराखाली ती डुगडुगते. आमच्याकडं उजव्याचा पुढचा बोल्ट डाव्यापेक्षा दीड फेरा जास्त होता. चारही बोल्ट सारखे करा, पाव-पाव फेऱ्यानं, प्रत्येक वेळी पोराला चालवून बघा, किती फिरवलं ते खडूनं लिहून ठेवा. आणि जर पूर्ण सैल केलं तरी दाबलं जात नसंल तर रबरच कडक आहे, मोठ्या माणसाच्या वजनाचं. वीस किलोच्या पोरानं ते दबणार कसं. मऊ रबर वेगळं मिळतं. मी घोटा पडतो म्हणून सुरुवातीला सगळे ट्रक गच्च आवळून ठेवले होते, त्यामुळं मॅडम वर्तुळ काढायला सांगायच्या आणि ही सरळ भिंतीकडं.

चाकांचं थोडक्यात. त्यावर आकडा आणि ए असं लिहिलेलं असतं, ७८ए म्हणजे मऊ, बाहेरच्या खडबडीत रस्त्याची, ९२-९५ आणि वर म्हणजे कडक, गुळगुळीत रिंकची. मऊ चाक रिंकवर चिकटल्यासारखं होतं, गिरकी बसत नाही, कडक चाक गल्लीत दात वाजवतं. घरापुढं आणि रिंकवर वेगवेगळी चाकं घ्यायची नसतील तर गल्लीतली प्रॅक्टिस बंद करा, चाकं पण वाचतील आणि गुडघे पण.

पुढचा स्टॉपर. चवड्याखालचा तो रबराचा बुंधा. नवीन स्केटला तो बऱ्याचदा इतका खाली असतो की पोराची चाल जरा घसटती झाली की तो अडकतो आणि पोरगं तोंडावर. आमच्याकडं दोनदा झालं. जमिनीपासनं वर घेऊन लॉक नट आवळायचा, किती ते शिकवणाऱ्याला विचारून, आमच्या मॅडमनी माझं एक बोट आडवं जाईल एवढी जागा ठेवली. दर आठवड्याला हलवून बघा, ढिला झालेला स्टॉपर मधेच गळून पडतो.

पावसाळा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर काय असतं ते सांगायला नको, रिंकला वरनं पत्रा असला तरी बाजूनं झड येते, फरशीला घाम सुटतो. ओल्या फरशीवर शिकू देऊ नका हे झालंच, पण परत आल्यावर चाकं पुसून घ्या, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, कातडं तडकतं आणि सोल सुटतो. बेअरिंग करकर करायला लागलं तर काढून रॉकेल नाहीतर पेट्रोलमध्ये धुवायचं, घराबाहेर, जवळ कसली आग नको, पोरांना लांब ठेवून, पूर्ण वाळवायचं आणि शिवण मशीनचं तेल एक थेंब. एकच. जास्त तेल म्हणजे धूळ धरायचं आमंत्रण. आणि खोबरेल तेल घालू नका हो. आमच्या शेजाऱ्यांनी घातलं होतं, पावसाळाभर बरं चाललं, डिसेंबरात थंडी पडली तसं डब्यातलं थिजलं आणि बेअरिंगमधलं पण. चाकं हातानं फिरवायची पाळी.

डोक्याचं आणि गुडघ्याचं. हेल्मेट नंबरानं घेऊ नका, टेपनं कपाळावर भुवयांच्या वर बोटभर अंतरावरनं घेर मोजा. घातल्यावर भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या जुळलेल्या, हनुवटीखाली एक बोट. वाढत्या अंगाचं हेल्मेट तर अजिबात नको, पडल्यावर ते मागं जातं आणि कपाळ उघडं. आमच्याकडं माप बरोबर असून हेल्मेट मागं जायचं, कारण काय तर आजी उंच बुचडा बांधून वर गजरा पण माळायची. आता क्लासच्या दिवशी मानेवर दोन सैल वेण्या, गजरा परत आल्यावर. गुडघ्याचे, कोपराचे, मनगटाचे पॅड स्केट्सच्या आधी चढवायचे, नंतर घालायला गेलं की पोरगं कठड्यावरनं घसरतं. मनगटाचे सगळ्यात महत्त्वाचे, पडताना हात पुढं जातोच. कपडे अंगाबरोबरचे, घोळदार काही नको.

काही जण विचारतात खऱ्या बर्फावरचं शिकवायचं असलं तर काय. आपल्याकडनं ते लांबच, शिमल्याचा उघड्यावरचा रिंक १९२० पासनचा, थंडीतच चालणारा, आणि डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला एक आहे. सुट्टीत कुणी शिबिराला घेऊन जाणार असंल तर बुटाचं आणि लेसचं वर सांगितलेलं सगळं तसंच लागू, घोटा तिथंही मोठ्या बुटानंच पडतो. वेगळं फक्त पातं. फिगरच्या पात्याला पुढं दाते असतात, ते थांबायला नव्हे, उडी आणि गिरकीला. पात्याच्या तळाला लांबीभर खोबण असते त्यामुळं आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात, नवीन पातं बहुतेक वेळा धार न लावता येतं, तसंच घातलं तर पोरगं नुसतं घसरत राहतं. बर्फाबाहेर पाऊल टाकताना कडक प्लॅस्टिकचं कव्हर, पण पिशवीत ठेवताना ते काढून पातं कोरडं पुसून कापडी कव्हर, नाहीतर गंजतं. आणि धार लावायला इथल्या सुऱ्या-कात्र्यावाल्याकडं देऊ नका, तो ती खोबणच घासून सपाट करंल.

डॉक्टरांकडं कधी जायचं, तर बूट बरोबर, लेस बरोबर, तरी एकाच पायाला दुखतंय, बूट काढून तासाभरानं पण दुखतंय, सकाळी उठल्यावर लंगडायलंय, नाहीतर अनवाणी उभं केल्यावर पण एकच घोटा आत पडतोय. मग सामानात शोधत बसू नका.

आमचं सध्या बरं चाललंय. गणपतीच्या आधी नवीन जोड आली, तेव्हापासनं कठड्याला जाऊन बसणं बंद, परवा एका पायावर वर्तुळाचा पाव भाग काढला. मोठा बूट माळ्यावर आहे, विकू म्हणलं तर बायको म्हणते राहू दे, पाय तेवढा झाला की घालंल, बघू. तिच्या पावलाचे कागद मी रेशन कार्डाच्या फाइलीत लावून ठेवतो, सणाला एक. गणपतीचा १९४, दिवाळीचा १९६, म्हणजे बुटात अजून चार मिमी जागा आहे. पुढचं पाऊल संक्रांतीला काढायचं.